गंधार कोणी सोडायचा?

सुवालीच्या किनाऱ्यावर रविवारी सुरतेची माणसे वारा खायला येतात. तापी समुद्राला मिळते तिथे, तिच्या उत्तर काठाला हजीरा, आणि हजीऱ्यापासून किनाऱ्याने थोडे वर गेले की सुवाली. एका बाजूला कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला गाळाने गढूळलेले पाणी. या पाण्यात १६१२ च्या नोव्हेंबरात कॅप्टन थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीज आरमाराला टक्कर दिली, आणि इंग्रजांचा सुरतेतला पाय घट्ट झाला. इतिहासाच्या पुस्तकात एवढेच असते. त्या जहाजांवरून तोफा आल्या, कापड आले, राजा जेम्सचे पत्र आले, आणि त्यांच्याबरोबर दोन वादकही आले, हे मात्र पुस्तकात सहसा नसते.

एकाचे नाव लान्सलॉट कॅनिंग. तो व्हर्जिनल वाजवी. व्हर्जिनल म्हणजे पेटीसारखे, कळा दाबून तारा छेडणारे लहानसे वाद्य. दुसरा रॉबर्ट ट्रली. त्याचे वाद्य कॉर्नेट. आजच्या बँडमधले पितळी नव्हे, लाकडाचे, चामड्याने मढवलेले, बोटांनी भोके झाकून वाजवायचे. कंपनीच्या वकिलाबरोबर हे दोघे सुरतेहून आग्र्याला जहांगीरच्या दरबारी गेले. निकोलस विदिंग्टन नावाच्या कंपनीच्या माणसाने पुढे जो वृत्तांत लिहिला, त्यात म्हटले आहे की व्हर्जिनलची दरबारात काही किंमत झाली नाही, कॉर्नेटची मात्र फार झाली; बादशहाने तशी आणखी वाद्ये आपल्या कारागिरांकडून करवून घेतली. कॅनिंग लवकरच वारला, आणि लोकांच्या मते तो मानभंग मनाला लावून घेऊनच वारला. ट्रली दक्षिणेत एका सुलतानाच्या पदरी गेला, मुसलमान झाला, नवे नाव घेतले आणि चांगल्या तनख्यावर राहिला.

या दोघांच्या गोष्टीकडे मी बरीच वर्षे नुसती गंमत म्हणून पाहत होतो. परक्या मुलखात एक वाद्य झुरून मरते आणि दुसरे धर्म बदलून जगते! पण अलीकडे मला या गोष्टीत एक नैतिक प्रश्न दिसू लागला आहे, आणि आपल्यासारख्या दोन भाषांत संसार करणाऱ्या घरांना तो परका वाटू नये. दोन परंपरा एका बैठकीत बसवायच्या, तर कोणाला तरी काहीतरी सोडावे लागते. ते कोणी सोडायचे, आणि सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असायला हवे की नको?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून आमच्या कॉलनीतला एक प्रसंग सांगतो. कारखान्याच्या वसाहतीत आम्हा मराठी मंडळींचा गणपती बसतो आणि भजनाला पेटीवर मी असतो. एका वर्षी शेजारच्या गुजराती घरातला बारावीतला मुलगा आपला की-बोर्ड घेऊन आला. माझी सून भूपातला एक अभंग म्हणणार होती. तिच्या आवाजाखाली आपण कॉर्ड धरू, असे त्याने सुचवले. पोरगा गुणी आहे. त्याने धरलेले कॉर्ड चुकीचे नव्हते. पण दुसऱ्याच कडव्याला माझ्या लक्षात आले की सूनबाईंचा गंधार वर सरकला आहे. घरी तंबोऱ्यावर म्हणताना तो गंधार शांत, खाली टेकलेला असे. आता तो उजळ, थोडा ताणलेला लागत होता. तिला याची जाणीवही नव्हती. गाणे संपल्यावर मी त्या मुलाला म्हटले, ‘अरे, गंधार जरा उतरव की.’ तो हसून म्हणाला, ‘काका, आमां तो फिक्स ज होय.’

त्याचे म्हणणे खरेच होते. जिज्ञासूंसाठी थोडा हिशेब मांडतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एक परिच्छेद ओलांडावा. षड्जापासून तार षड्जापर्यंतच्या अंतराचे १२०० भाग केले, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपसूक ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६ वर येतो. हार्मोनियमच्या आणि की-बोर्डच्या सुरावटीत मात्र सगळी स्वरांतरे सारखी केलेली असल्याने तो ४०० वर बसवलेला असतो. चौदा भागांचा फरक. ऐकायला क्षुल्लक, पण भूपात ज्या स्वरावर घर उभे आहे तोच स्वर चौदा भाग वर गेला की घराचा उंबरा चढल्यासारखे होते.

तो मुलगा चिकाटीचा. आठ दिवसांनी आला आणि म्हणाला, की-बोर्डात एकेक स्वर चढवायची-उतरवायची सोय आहे, मी गंधार चौदाने उतरवला. वाजवून दाखवला, सा-ग-प एकत्र दाबल्यावर अगदी तंबोऱ्यासारखे गोड वाटले. मग तो धैवतावरच्या कॉर्डकडे गेला, आणि तिथे तोच गंधार कण्हायला लागला. धैवत ९०० वर होता, गंधार खाली आलेला, त्यामुळे त्या दोघांमधला पंचमभाव मोडला. त्याने धैवतही उतरवला. गंधार-धैवताचे जुळले, तर रिषभ आणि धैवताचे फाटले. रिषभ उतरवला की पंचमाशी भांडण. तासभर तो खटपट करत होता. दोष नाहीसा होतच नव्हता, या स्वरावरून उठून त्या स्वरावर जाऊन बसत होता. घरातली खाट मोडकी असली की कोणी तरी त्या बाजूला झोपायलाच लागते, तसे.

हा दोष कोणा कारागिराचा नाही. नादाच्या गणितातच तो आहे. शुद्ध पंचमांच्या पायऱ्या चढत गेले तर शुद्ध गंधाराशी पोचता येत नाही, बावीसेक भागांचा एक तुकडा उरतो. युरोपीय संगीतकार त्याला ‘कॉमा’ म्हणतात. हा उरलेला तुकडा कोणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न प्रत्येक संगीतपरंपरेला कधी ना कधी सोडवावा लागला, आणि मला त्यात खरा नीतिविचार दिसतो. युरोपने त्याला अनेक उत्तरे दिली. जहांगीरच्या काळात तिकडे कळांची वाद्ये ज्या रीतीने लावत, तीत गंधार बहुधा शुद्धच ठेवीत आणि पंचमाला थोडे थोडे दुखवीत. म्हणजे बिचाऱ्या कॅनिंगच्या व्हर्जिनलचा गंधार कदाचित माझ्या पेटीपेक्षा आपल्या कानाला जवळचा असेल! पुढे त्यांना बाराही स्वरांवरून गाणे उचलायचे होते, एका षड्जावरून दुसऱ्यावर जायचे होते, म्हणून त्यांनी तो तुकडा बारीक वाटून सगळ्यांच्या वाट्याला सारखा दिला. कोणीच पूर्ण सुखी नाही, कोणीच फार दुःखी नाही. आपल्या पूर्वजांनी दुसरी वाट धरली. त्यांनी षड्ज हलवायचाच नाही असे ठरवले. एकदा तंबोरा लागला की सगळ्या स्वरांचे नाते एकाशीच. मग भांडण उद्भवतच नाही. त्यासाठी त्यांनी स्वरसंगतीच्या सगळ्या वैभवावर पाणी सोडले.

तेव्हा सोडले दोघांनीही. त्यांनी गंधार सोडला, आपण कॉर्ड सोडला. पण जे सोडले ते ज्याने त्याने आपल्या घरात, आपल्या गरजेसाठी, पिढ्यान्‌पिढ्या विचार करून सोडले. माझ्या सुनेने त्या रात्री जे सोडले, ते सोडले आहे हे तिला माहीतही नव्हते. दोन परंपरांच्या मिश्रणाविषयी माझी जी काही तक्रार आहे ती एवढीच आहे. मिश्रणाने शुद्धता बाटते, ही तक्रार माझी नव्हे.

ती तक्रार करणारे आपल्याकडे बरेच होऊन गेले, आणि त्यांच्यात परकेही होते. जॉन फाउल्ड्स हा इंग्रज संगीतरचनाकार १९३५ साली भारतात आला आणि दिल्लीच्या आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. हार्मोनियमच्या विरोधात त्याने लेख लिहिला, आणि दुसरीकडे भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद जमवून त्याच्यासाठी स्वतः रचना केल्या. स्वतःच्या वाद्याविरुद्ध साक्ष देणारा हा साहेब मला फार आवडतो. १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने तो गेला. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकाच्या आरंभी काही अंशी उठली. या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या एका तरी देवळातली पेटी बंद पडली का? नाटक कंपनीची, कीर्तनकाराची, शाळेतल्या बाईंची पेटी चालूच राहिली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्या वाद्याला असे काही बोलते केले होते की शास्त्राने नाही म्हटले तरी कान हो म्हणत होता.

त्याआधी सांगलीत याहून विलक्षण प्रयोग झाला होता, आणि आपल्या सीमाभागातल्या वाचकांना तो ठाऊक असायला हवा. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला. त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आय.सी.एस. अधिकारी त्यांना मिळाले. या दोघांच्या खटपटीने लंडनच्या कारागिराकडून खास श्रुतींची पेटी बनवून आली. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी विद्वानांपुढे आली. वाद झाले. पंडित भातखंड्यांना हा सगळा श्रुतिहिशेब पटणारा नव्हता. पेटी काही मान्य झाली नाही.

मला या पराभवाचे नेहमी नवल वाटते. जी पेटी आपल्या सुरांपुढे वाकली, बावीस जागा करून घेऊन दारात उभी राहिली, तिला आपण परत पाठवले. आणि जी बारा जागांवर ठाम बसून राहिली तिला देवघरात नेऊन ठेवले! याचे एक कारण सोय हे असणारच. बावीस जागांच्या पेटीवर बोटे चालवणे काही सोपे काम नव्हे. पण दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. श्रुती म्हणजे मोजून खुंटी मारलेली जागा नव्हे. गायक गंधाराकडे कुठून येतो, मध्यमावरून ओघळत की रिषभावरून उचलून, त्यावर त्याचा गंधार ठरतो. बावीस खुंट्या झाल्या तरी त्या खुंट्याच. उलट बारा जागांची साधी पेटी नीट वाजवणारा जाणता असेल, तर गायकाच्या मिंडेच्या वेळी हात आखडता घेतो, गंधारावर ठाण मांडत नाही, मागून हलकेच येतो. पेटीला वाकता येत नाही, पण पेटीवाल्याला गप्प बसता येते. पेटीवाल्याचा धर्म मी एवढाच समजतो.

आता मुद्दाम रचलेल्या संगमाकडे येतो, कारण तिथे जबाबदारी अधिक. सतार आणि व्हायोलिन यांची जगात गाजलेली जुगलबंदी रविशंकर आणि येहुदी मेन्युइन यांची. १९६६ साली इंग्लंडमधल्या बाथच्या महोत्सवात ती प्रथम झाली. त्यासाठी पीटर फॉइख्टवांगर या जर्मन रचनाकाराने तिलंग रागावर रचना करून दिली होती. रविशंकरांना ती पसंत पडली नाही, त्यांनी ती आपल्या पद्धतीने नव्याने बांधली. पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रिका निघाली, आणि अमेरिकेतले ग्रॅमी पारितोषिक तिला मिळाले तेही ‘चेंबर’ संगीताच्या वर्गात, म्हणजे चार-दोन वादकांनी लहान दालनात करायच्या संगीताच्या वर्गात. हे मला योग्य वाटते. आपली बैठक ती हीच की.

माझे एक स्नेही त्या मुद्रिकेची टवाळी करतात. म्हणतात, मेन्युइन समोर कागद ठेवून वाजवतो, त्याच्या बोटात राग कुठे आहे? गोष्ट खरी आहे, त्याचे भाग लिहून दिलेले असत आणि सतार मोकळी असे. पण मला तिथेच त्या कामाचा सच्चेपणा दिसतो. लहानपणापासून जगाने ज्याला डोक्यावर घेतले तो मेन्युइन पन्नाशीत दुसऱ्याच्या ओसरीवर पाटीपेन्सिल घेऊन बसतो, आणि कोण शिष्य आहे हे लपवत नाही. आपण काय सोडले हे त्याला पुरते ठाऊक होते: त्याची स्वरसंगती, त्याचा षड्ज बदलायचा हक्क. आणि त्याच्या वाद्याने त्याला मदतही केली. व्हायोलिनला पडदे नसतात. गंधार हवा तिथे सापडतो. वाईचे विष्णू गोविंद जोग मांडी घालून तेच वाद्य वाजवत, तेव्हा ते विलायती आहे याची आठवण तरी कोणाला होत असेल?

याची दुसरी बाजू गोव्यात आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारच कमी लिहिले जाते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक म्हणून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. तेव्हा गोव्याची ही ख्रिस्ती मंडळी स्टुडिओचा कणा होती. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल गुणगुणायचा. ती स्वरलिपीत उतरवणे, तिच्याखाली व्हायोलिनांचे थर रचणे, कुठे बासरी, कुठे ट्रंपेट हे ठरवणे, ही कामे गोव्याच्या ‘अरेंजर’ची. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, गोन्साल्विस. आपण ज्याला हिंदी गाणे म्हणतो त्यातला अर्धा देह त्यांचा. पडद्यावर नाव मात्र सहसा दिग्दर्शकाचे.

गोन्साल्विस यांना एवढ्याने समाधान नव्हते. गाण्यामागची सजावट म्हणून नव्हे, तर रागाला स्वतःच्या पायावर उभे करून पाश्चात्त्य वाद्यवृंदात बोलते करायचे, असा त्यांचा ध्यास होता. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात शंभराहून अधिक वादक बसले, आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे. ‘सोनातीना इंडियाना’, सारंग रागातली कॉन्चेर्तो अशा त्यांच्या रचना. इथे प्रश्न मेन्युइनहून अवघड होता. एका सतारीमागे जाणे निराळे, शंभर माणसांच्या समोर कागदावर सारंग ठेवणे निराळे. सारंगातला निषाद चढताना एक, उतरताना दुसरा; त्याच्याखाली जो कॉर्ड धराल तो एका निषादाला घरचा करील आणि दुसऱ्याला पाहुणा. गोन्साल्विस यांना दोन्ही व्याकरणे येत होती, म्हणून कुठे काय मोडते आहे ते त्यांना कळत असणार, आणि ते जाणूनच ते निवड करत असणार. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेल्या आणि स्टुडिओत रागांच्या चाली लिहून काढलेल्या माणसाला मी ‘मिश्रण करणारा’ म्हणणार नाही. दोन्ही भाषा त्याच्या घरातच होत्या.

इथे मला अहिराणी आठवते. उधना-लिंबायतकडे गेले की सुरत नव्हे, खानदेश वाटतो. धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसे तापीच्या पाण्याबरोबर खाली आलेली. ‘आहे’ला ती ‘शे’ म्हणतात. गुजराती ‘छे’ आणि मराठी ‘आहे’ यांच्यामधोमध बसलेला तो शब्द ऐकून कोणी शुद्ध मराठीवाला नाक मुरडतो, कोणी गुजराती हसतो. पण अहिराणी बोलणाऱ्या आजीला विचारा, तिने काय सोडले? ती म्हणेल, काही नाही, ही माझ्या आईची बोली. तिच्या पूर्वजांनी कधीकाळी जे सोडले ते जगण्याच्या ओघात सुटले, आणि त्याच्या जागी जे आले ते पुरते त्यांचे झाले. आमच्या कॉलनीतल्या नातवंडांचे तसे होईल का, हे मला सांगता येत नाही. ती घरात मराठी, शाळेत इंग्रजी, अंगणात गुजराती बोलतात. त्यांच्या मराठीत गुजराती शब्द आले तर मला वाईट वाटत नाही. वाक्याचा गंधार हळूच वर सरकतो आणि त्यांना तो मूळचाच वाटतो, तेव्हा मात्र घरात कुठे तरी तंबोरा लागलेला असावा असे वाटते. मग ज्याला वर जायचे त्याने खुशाल जावे.

सूनबाईंना मी हे सगळे बोलून दाखवले होते. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘बाबा, तुमचं बरोबर असेल. पण त्या दिवशी गाताना मला पहिल्यांदाच एकटं वाटलं नाही.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तंबोरा सोबत करतो, पण तो एकच गोष्ट सांगत बसतो. खालून कोणी तरी आपल्याबरोबर चालते आहे, आपण वळलो की तेही वळते आहे, हे सुख कॉर्डाचे आहे आणि ते खोटे नाही. त्यासाठी जाणूनबुजून चौदा भाग द्यायला ती तयार असेल तर तो तिचा व्यवहार. मी फक्त तिच्यापुढे तंबोरा लावून दोन्ही गंधार एकामागून एक ऐकवले. तिने दोन्ही म्हणून पाहिले. कोणता ठेवला ते मी विचारलेले नाही.

गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास अमेरिकेला गेले. परतल्यावर चित्रपटांत पुन्हा रमले नाहीत. माजोर्ड्याला आपल्या घरी शांतपणे राहिले आणि २०१२ च्या जानेवारीत तिथेच वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचे नाव एका गाण्यात घातले, तीही एक गुरुदक्षिणाच. ते गाणे आमच्याकडे अजून प्रत्येक वरातीत वाजते. मागच्या लग्नसराईत हजीऱ्याच्या रस्त्यावर एक वरात अडकली होती. बँडवाले दम खात उभे होते. त्यांतल्या क्लॅरिनेटवाल्याला मी विचारले, ‘भाई, हा अँथनी गोन्साल्विस कोण होता, माहीत आहे का?’

‘अमिताभ,’ तो म्हणाला, आणि जिभेने पत्ती ओली करू लागला.